चहात भिजवलेलं घड्याळ

प्रिय डावरे,

तुझ्या नवऱ्याने सांगितलं म्हणून कागद घेऊन बसलेय, पण त्याने सांगितलं तेच लिहीन असं काही नाही. तू बरी असशील. मी बरी आहे. गुडघा दुखतो, तो दुखणारच. झाली ख्यालीखुशाली. आता कामाचं. ह्यांचं ते मनगटी घड्याळ, जे ह्यांनी स्वतःच्या हाताने तुला दिलं, ते तुझ्या नवऱ्याला हवंय. गिऱ्हाईकसुद्धा ठरवून बसलाय. एवढं आधी डोक्यात पक्कं ठेव आणि मग पुढचं वाच. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, माझी शाळा कितीशी झालीय ते तुला माहीत आहे.

तू घर सोडून गेल्यावर आमचं शिलाईचं दुकान बंद झालं, हे तुझ्या कानावर आलं असेल. माझी ना नव्हती. हे गेले, मला सुईचं नाक दिसेना, चालवणार कोण? मोबाइलची कव्हरं विकून विकून तुझा नवराही कंटाळलेला. म्हणाला, आई, मी तिथे दुसरं काहीतरी काढतो. म्हटलं, काढ बाबा. तर त्याने जे काढलंय ते बघून मला रोज शिसारी येते. जुनी मनगटी घड्याळं. जुनी म्हणायचं नाही, विंटेज म्हणायचं, नाहीतर त्याला राग येतो. आपल्या कापायच्या टेबलावर काळी मखमल अंथरलीय. वर काचेची पेटी, पेटीत दिवा. कपाटात कापडाचे तागे असायचे ना, तिथे आता घड्याळं निजवलीत, एकेकाखाली छोटी उशी. आजारी माणसाला मिळत नाही अशी मऊ.

आणि येणारी माणसं, ती तर विचारूच नकोस. हातमोजे चढवून घड्याळ उचलतात. विकत घेतात आणि हातात घालत नाहीत, डबीत ठेवतात. का रे बाबा, विचारलं एकाला, तर म्हणे झिजेल. त्यातला एक नेहमीचा आहे, मी त्याला भिंगवाला म्हणते. एका डोळ्याला भिंग लावूनच आत शिरतो, माणसाच्या तोंडाकडे बघायची पद्धतच नाही. घड्याळ उचलतो आणि पट्टा नाकाशी नेऊन हुंगतो. हुंगतो ग. कोण कुठला मेलेला माणूस, त्याचा घाम मुरलेला त्या कातड्यात, आणि हा डोळे मिटून हुंगतो. वर म्हणतो, वा, काय पॅटिना आहे. मी विचारलं, म्हणजे काय ते? तर म्हणाला, आजी, काळाने चढवलेली कळा. मी म्हटलं, आमच्यात त्याला मळ म्हणतात. तो खूप हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

बरं, मळ तरी खरा असावा. एका दुपारी स्वयंपाकघरात ओट्यावर कपभर चहा दिसला. गार झालेला, पण मी कुठे नखरे करते. लावला तोंडाला. दुसऱ्या घोटाला दातावर टणकन काहीतरी आपटलं. बोट घालून काढलं तर घड्याळाची तबकडी. काटे नसलेली, नुसती. मी तिथेच थुंकले. तो आतून धावत आला, मला वाटलं माझ्या काळजीने आला. तर म्हणतो, आई, बोट नको लावूस तिला, रंग पुसला जाईल. आईने काय गिळलं, काय नाही, त्याचं काही नाही. मग ओव्हन उघडून बघितला तर माझ्या बिस्किटांच्या पत्र्यावर अशाच तबकड्या ओळीने शेकत पडलेल्या. कोरी तबकडी आणायची, चहात भिजत घालायची, मंद आचेवर भाजायची, की ती बापजाद्यांची दिसायला लागते. मी म्हटलं, म्हातारपणच विकायचं असेल तर मलाच बसव तुझ्या काचेच्या पेटीत, मला चहात बुडवायचीही गरज नाही. तो पत्रा मी टाकून दिला. त्या ओव्हनमध्ये मी आता काही करत नाही. घासला तरी वास जात नाही, आणि गेला तरी माझ्या डोक्यातून जात नाही.

आता एक गोष्ट सांगते, ती त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस. ती जुनी घड्याळं दिसतात चांगली. इतक्या लोकांना वेड लागलंय ते सगळंच काही खोटं नाही. ह्यांचंच घे. पातळ. कोटाच्या मोठ्या बटणाहून थोडंसंच मोठं. सायीच्या रंगाची तबकडी. बारा, तीन, सहा, नऊ, एवढेच आकडे, बाकी बारीक रेघा. मोठा काटा थेट रेघेला टेकतो, छोटा काटा अलीकडेच थांबतो, म्हणून दोघांची गल्लत होत नाही. सेकंदाचं ते इवलंसं वर्तुळ खाली एका बाजूला पडून असतं, कुणाच्या मध्ये येत नाही. बघितलं, वेळ कळली, हात खाली. बनवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत होतं, दुसरं काय. हे शर्टाबद्दल तेच म्हणायचे. कुणी म्हणालं, अजून एक खिसा लावा, की हे विचारायचे, भरणार काय त्यात? आणि नाही लावायचे. कॉलरी लांब झाल्या, आखूड झाल्या, परत लांब झाल्या, पण ह्यांचा साधा पांढरा शर्ट कधी जुनाट वाटला नाही. त्यात जुनं होण्यासारखं काही घातलेलंच नव्हतं. आणि आमच्या चिरंजीवांच्या मनगटावर काय आहे बघ. बरणीचं झाकण. पावलं मोजतं, झोप मोजतं, जेवताना मध्येच किंचाळतं. कफाखाली जाईल तर शपथ, बेडकासारखं वर बसलेलं असतं. जे ह्या पठ्ठ्याला स्वतःच्या हातात नको, ते हा दुसऱ्यांना मखमलीवर ठेवून दाखवतो. माझं डोकं फिरतं ते इथे. ज्या वस्तूत एक रेघ जास्तीची नाही, तिच्याभोवती दिवे लावून, हातमोजे घालून एवढा तमाशा.

कफावरून आठवलं. तुला आठवतोय का तो पहिला शर्ट? आमच्या दुकानात डावा कफ जरा सैल कापायची रीत होती, घड्याळ आत जावं म्हणून. गिऱ्हाइकाला विचारायचंही नाही, हात आपोआप तसाच चालायचा. ज्याच्याकडे घड्याळच नाही त्यालाही डावा कफ सैल. एकदा तर ह्यांनी तान्ह्या मुलाच्या झबल्याची डावी बाही सैल कापली होती आणि त्या बाळाची आई आम्हाला वेड्यात काढून गेली. मग तू आलीस. तुझ्यासाठी शर्ट शिवला, ह्यांनी कापला, मी बटणं लावली, आणि तू घातलास तर उजव्या कफाचं बटण लागेना, कारण तुझं घड्याळ उजव्या हातात. सगळं डाव्या हाताने करणारी पोर, ती घड्याळ उजव्याच हातात बांधणार. आम्ही दोघं मापं घेण्यात जन्म घालवलेली माणसं आणि घरातल्या सुनेचा हात चुकलो. हे इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून तू डावरी. नंतर तुझे जितके कपडे शिवले त्यांचा उजवा कफ सैल, आणि त्यानंतर ह्यांचं एवढं डोकं फिरलं की एका वकिलाचाही उजवाच कफ सैल कापला. तो बिचारा तसाच घालून कोर्टात गेला.

मग ह्यांचे हात थरथरायला लागले. कात्री सुटली ते ह्यांनी सोसलं, पण त्या घड्याळाची बारकी गुंडी चिमटीत धरवेना, तेव्हा मात्र उशीवर तोंड फिरवून पडून राहिले होते. तू कामावर निघायच्या आधी यायचीस, उभ्याउभ्या चावी द्यायचीस, कानाला लावायचीस आणि ह्यांच्या हातात बांधून पळायचीस. कुणी तुला सांगितलं नव्हतं. नंतर मनगट इतकं बारीक झालं की घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं, तेव्हा ह्यांनीच म्हटलं, डावरे, आता हे तुझ्याकडेच राहू दे, रोजची काढघाल कशाला. एवढंच. ना भाषण, ना डोळ्यांत पाणी. तू तुझं काढून पर्समध्ये टाकलंस आणि हे बांधलंस. तुझा नवरा तिथेच खुर्चीवर होता, मोबाइलमध्ये मान घालून. मान वर केली नाही. तुमच्यात काय होतं आणि काय नव्हतं ते मी बघत होते, मी काही आंधळी नाही. तू बॅग भरलीस तेव्हा मी अडवलं नाही, डबा भरून दिला. तेवढ्यात तुला काय ते कळलं असेल. आताही मी त्यात शिरत नाही.

आता फोटोचं ऐक. ह्यांचा तो टेबलापाशी उभा असलेला फोटो आहे ना, बाह्या दुमडलेल्या, एका हातात कात्री, दुसऱ्या मनगटावर घड्याळ. तो मोठा करून ह्याने दुकानात लावला. मी म्हटलं, चला, बापाची आठवण तरी झाली. चष्मा लावून जवळ गेले तर फोटो अर्धाच. कात्रीचा हात कापून टाकलेला. फोटोतून कात्री काढली ग, ज्या कात्रीवर हा वाढला ती. आणि खाली पाटी, पिढीजात घड्याळजी. लोकांना सांगतो, बाबा इथे खिडकीपाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचे. मी म्हटलं, तुझ्या बापाला घड्याळाचं मागचं झाकण उघडता येत नव्हतं, ते गुंडी फिरवायचे आणि देवाच्या भरवशावर सोडायचे. तर म्हणाला, आई, लोकांना वस्तूबरोबर गोष्ट लागते. शिंप्याची गोष्ट का चालत नाही, असं विचारलं, तेव्हा पाटी पुसायला लागला. त्याच्या त्या पाटी पुसण्याची मला जितकी किळस आली तितकी त्या चहाची आली नव्हती.

भिंगवाल्याने त्या फोटोला भिंग लावलं. बराच वेळ तिथेच चिकटला. मग विचारलं, हे आता कुठे आहे? तबकडी मूळची आहे? कुणी पॉलिश केलेलं नाही ना? म्हणेल ती किंमत द्यायला तयार. आणि तुझा नवरा काय म्हणाला ते ऐक, मी तिथेच बसले होते. म्हणाला, बायकोकडे आहे, तिच्या डाव्या हातात असतं, आणतो की. डाव्या हातात. इतकी वर्षं शेजारी बसून जेवला आणि बायको चमचा कुठल्या हातात धरते ते बघितलं नाही ह्याने. दुसऱ्यांच्या घड्याळावरचा केसाएवढा ओरखडा मात्र बरोबर दिसतो.

घरी आल्यावर माझ्या मागे लागला. तू माग, तुला ती नाही म्हणणार नाही. मी म्हटलं, दिलेली वस्तू मी परत मागत नाही, आणि जी मी दिलेलीच नाही ती तर मुळीच नाही. घरातली वस्तू आहे म्हणाला. म्हटलं, घरातलं माणूस गेलं तेव्हा शोधायला गेला नाहीस, आता वस्तूला निघालास? मग रुसला. जेवताना टीव्हीचा आवाज मोठा करायचा, एवढंच त्याला येतं. मला वाटलं, विषय संपला.

आणि मग एकदम गोड झाला. सकाळी माझ्या हातात औषधाची गोळी आणि पाणी. म्हणाला, आई, मी खूप विचार केला, चुकलं माझं. तिला आणायला जातो. काय सांगू तुला, मला बरं वाटलं. मी पडदे धुतले. तुझ्या खोलीतली त्याची खोकी जिन्याखाली टाकली. म्हणाला, तिच्यासाठी एक शर्ट शिव ना, बाबांसारखा, रिकाम्या हाताने कसा जाऊ. मशीन पुसलं, तेल घातलं. राखाडी कापड आहे, बारीक रेघांचं, तुला शोभेल. सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागायची, पण शिवला. मध्येच हा येऊन उभा राहिला. म्हणतो, डावा कफ घट्ट ठेव हं, मनगटाला चिकटला पाहिजे, हल्ली तशी फॅशन आहे. शर्टाकडे आयुष्यात ढुंकून न बघणारा माणूस. वर विचारतो, ती लगेच घालून बघेल ना? मी म्हटलं, बघेल की, का नाही बघणार. मला काय कळलं त्यातलं, काही नाही. मुलगा शहाणा झाला म्हणून मी खूश.

परवा शर्टाला इस्त्री केली आणि घडी मोडू नये म्हणून स्वतःच त्याच्या बॅगेत ठेवायला गेले. आत रुमालाची पुरचुंडी. सोडली, तर ह्यांचं घड्याळ. सायीच्या रंगाची तबकडी, चार आकडे, ते इवलं वर्तुळ, काचेवर बाजूने ह्यांच्या कात्रीचे तेच ओरखडे. काचेच्या कडेला फटीत कापडावर खुणा करायच्या आपल्या खडूची निळी पूडसुद्धा. क्षणभर वाटलं, तूच पाठवून दिलंस, तुलाही नको झालं. मग कानाला लावायला उचललं आणि वास आला. चहाचा. खडूही माझ्या डब्यातला, तो एकाएकी संपला कसा ते तेव्हा कळलं. फोटो बघून बघून त्याने जुळं घड्याळ बनवलंय, डावरे. बापाच्या हाताची खूणसुद्धा माझ्याच कात्रीने ओरबाडून काढलीय. मग त्या घट्ट कफाचा डोक्यात उजेड पडला. शर्ट घालून बघायचा तर घड्याळ काढून कुठेतरी ठेवावं लागणार. तू आरशाकडे वळणार. तेवढ्यात टेबलावरचं खरं त्याच्या खिशात, खिशातलं खोटं टेबलावर. मी ती पुरचुंडी होती तशी बांधून ठेवली आणि साबणाने हात धुतले. त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने एक गोष्ट सांगितली असती.

तर हे पत्र का, ते आता तुला कळलं असेल. तो म्हणाला, आई, तू दोन ओळी आधी पाठव, तुझं नाव बघून ती दार उघडेल, आणि लिही की तू रोज रडतेस. मी रडत नाही. हे पत्र मी स्वतः जाऊन टपालपेटीत टाकणार आहे, त्याच्या हाताने नाही. तो रविवारी येईल. बोलेलही चांगलं, बोलायला तो कधी वाईट नव्हता. दार उघडायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी दोन्हीकडून काही म्हणणार नाही. शर्ट मात्र घे. तो मी तुझ्यासाठीच शिवलाय आणि डावा कफ त्याच्या मनासारखा घट्ट केला तरी उजवा सैलच आहे. घड्याळ काढायची गरज नाही. आत घेतलंस तर त्याला पाणी दे आणि गप्प बस. काही विचारू नकोस, माझं पत्र आलं हे सांगू नकोस, चेहऱ्यावरही दिसू देऊ नकोस. त्याला बसू दे थोडा वेळ. तो माझा मुलगा आहे, मला अजून वाटतं की तुझ्यासमोर बसल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटेल. खिशातली ती पुरचुंडी त्याने आपणहून काढून तुझ्यापुढे ठेवली, तर त्याला जेवायला वाढ, मग पुढचं तुम्ही दोघं बघा. नाही ठेवली, तर उपाशी परत पाठव. इथे त्याला वाढायला मी आहे, आणि ऐकवायलाही मीच आहे.

तुझीच,
सासू, अजून तरी